जुनी बोट लिफ्ट: लोखंड घ्या, दोर घेऊ नका

तापोळ्याच्या बाजूच्या एका बोटचालकाचा प्रश्न आला आहे. सोळा फुटी फायबरची बोट, मागे 40 एचपीचं आउटबोर्ड इंजिन. कोकण किनाऱ्यावरच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टची चार खांबांची बोट लिफ्ट, म्हणजे बोट पाण्याबाहेर उचलून टांगायचं यंत्र, विक्रीला निघाली आहे. खांब जस्ताचा मुलामा दिलेले, वर विजेची विंच (ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारं यंत्र), चार कोपऱ्यांना वायर रोप. मालकाच्या म्हणण्याप्रमाणे ‘चालू कंडिशन’. ती आणून शिवसागर, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठाला पाण्यात उभी करावी का, आणि केली तर सांभाळायची कशी?

माझं उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. लिफ्ट घ्या, पण भंगारापेक्षा थोड्या चढ्या भावानेच. तिचे दोर, पट्टे आणि क्लॅम्प घेतल्या दिवशीच बाद धरा. आणि ती पाण्यात उभी करू नका. तिच्या लोखंडातून काठावर, जमिनीवर, बोट उचलायची घोडी बनवा.

मी सातारा एमआयडीसीत उचल-यंत्रांच्या दुरुस्तीचं काम करतो. साखर कारखान्यांचे होइस्ट, गॅरेजचे चेन ब्लॉक (हाताने साखळी ओढून भार उचलायचे), विहिरीवरच्या यारी आणि आता काही वर्षांपासून बोटवाल्यांच्या विंच. यंत्र कोणतंही असो, माणसांचा जीव ज्याच्यावर टांगलेला असतो तो भाग प्रत्येक वेळी तोच असतो: दोर, आकडा आणि ब्रेक. खांब वाकताना दिसतो. दोर आतून कुजतो आणि तुटेपर्यंत बाहेरून बरा दिसतो. म्हणून जुन्या मालात लोखंड आणि दोर यांना एकाच तागडीत तोलू नका.

आता पाण्यात का नको, ते. चार खांबांची लिफ्ट ही मुळात ज्या पाण्याची पातळी फारशी हलत नाही अशा पाण्यासाठी बनवलेली वस्तू आहे. तळ्यात पाणी वर्षभरात तीन-चार फूट वरखाली होत असेल तर तिच्यासारखी सोय नाही: बोट आत घ्यायची, बटण दाबायचं, बोट पाण्याबाहेर. कोयनेचं पाणी तसं नाही. धरण 105.25 टीएमसीचं. गणपती-नवरात्राच्या सुमारास ते काठोकाठ असतं, आणि त्यानंतर वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला आणि सिंचनासाठी पूर्वेला पाणी जात राहतं. मे महिना सरता सरता उभ्या मापात पातळी पन्नास फुटांच्याही पुढे उतरलेली असते. तापोळा-बामणोलीकडे उतार सौम्य आहे, म्हणजे काठ आडव्या मापात शेकडो फूट आत सरकतो. ऑक्टोबरात पाण्यात उभी केलेली लिफ्ट जानेवारीत चिखलात आणि एप्रिलमध्ये भेगाळलेल्या गाळावर उभी असणार. पुन्हा पावसाळ्यात पाणी चढताना तिच्यावर ओंडके, गवताचे तराफे येऊन बसणार. शिवाय गाळात खांब सारखे रुतत नाहीत. एक कोपरा दोन इंच खाली गेला की चार दोरांवरचा भार बिघडतो, आणि बोट तिरकी लटकते.

पाण्यावर तरंगणारी, हवेच्या टाक्यांची लिफ्ट असते, ती पातळीबरोबर वरखाली जाते. पण ती जुनी चांगल्या स्थितीत आपल्या भागात मिळणं कठीण, आणि तिलाही काठ सरकेल तसं नांगर बदलत पुढे न्यावं लागतं. तुमच्या कामाला तिचा खर्च झेपणार नाही असं मला वाटतं.

अजून एक व्यवहारातली गोष्ट. बुडीत क्षेत्राची जमीन जलसंपदा विभागाची, आणि पलीकडच्या बाजूला कोयना अभयारण्य. काँक्रीटचा पाया घालून काही उभं करायचं म्हटलं की लेखी परवानगी हवी. चाकांवरची घोडी आणि ट्रॉली मोसमाप्रमाणे मागेपुढे नेता येते. तरी परवानगी विचारून घ्याच.

तर मग विकत काय घ्यायचं? तुमची लिफ्ट समुद्राकाठची आहे, आणि तपासणीची सुरुवात इथूनच करा. खारं पाणी जस्ताचा थर खातं, आणि चौकोनी किंवा गोल पोकळ खांबांत आत साठलेलं मीठ बाहेरून दिसत नाही. जाड लोखंडावर चांगल्या मुलाम्याची जाडी 85 मायक्रॉनच्या आसपास असते. पांढरी भुकटी दिसली तर जस्त अजून काम करतंय; तांबूस डाग दिसले तर जस्त संपून लोखंड खायला सुरुवात झाली आहे. सर्वांत वाईट जागा दोन: पाणी जिथे रोज वरखाली होतं तो पट्टा, आणि खांबाचा तळ. त्या दोन्ही ठिकाणी छोट्या हातोडीने ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं थप्प वाजतं. शंका आली की एनडीटीवाल्याकडून (धातू न तोडता तपासणाऱ्याकडून) अल्ट्रासॉनिक गेजने जाडी मोजून घ्या. तो मिळाला नाही तर विक्रेत्याच्या परवानगीने 6 मिमीचं भोक पाडून टोक वळवलेल्या तारेने भिंत मोजा, भोक नंतर वेल्डने बुजवता येतं. मूळ जाडीचा चौथा हिस्सा गेला असेल तर तो खांब मी भंगारात मोजतो, खांबात नाही.

लिफ्टचे आडवे भाग ॲल्युमिनियमचे असतील तर स्टेनलेसच्या बोल्टभोवती बघा. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं, आणि बोल्टच्या भोवती फुगलेली पांढरी पूड दिसते. बोल्ट काढून भोक बघितल्याशिवाय तो भाग घेऊ नका. नव्याने जोडताना मधे नायलॉनचा वॉशर आणि बुश घाला.

वेल्डचे सांधे वायर ब्रशने घासून उन्हात तिरक्या नजरेने पाहा. केसासारखी रेघ असेल तर गंजाचं पाणी तिच्यातून ओघळलेलं दिसतं. कुणी मधे जाडजूड वेल्ड करून वर चंदेरी रंग मारला असेल तर विचारा, का केलं? आधी तिथे काय मोडलं होतं? उत्तर आलं नाही तर तो भाग तुटलेलाच धरा.

नावाची पट्टी शोधा. बाहेरून आलेल्या लिफ्टवर क्षमता पौंडांत लिहिलेली असते, आणि आपल्याकडे लोक ती किलोत वाचतात. 3000 पौंड म्हणजे जेमतेम 1360 किलो. पट्टीच नसेल तर विक्रेता तोंडी सांगेल तो आकडा ऐकून घ्या आणि विसरून जा.

आता वजनाचं गणित, कारण बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. बोट विकणाऱ्याने सांगितलेलं वजन रिकाम्या सांगाड्याचं असतं. तुमच्या मापाची फायबर बोट साधारण चारशे किलोच्या घरात धरू. इंजिन शंभरच्या आसपास. पेट्रोल लिटरमागे पाऊण किलो, म्हणजे पन्नास लिटरचे 37 किलो. बॅटरी, नांगर, दोर, लाइफ जॅकेट, बाकडी, वरचं छत मिळून आणखी शंभर. जुनं फायबर आत थोडं पाणी शोषून बसलेलं असतं, तेही. सातशे किलो धरून चला, आणि शक्य असेल तर ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेऊन खरं वजन घ्या. काट्याची पावती जपून ठेवा.

सातशेला चारने भागून प्रत्येक दोरावर पावणेदोनशे, असा हिशेब करू नका. इंजिन मागे लटकलेलं असतं, टाकी आणि बॅटरीही बहुधा मागेच. मागच्या जोडीवर दोन-तृतीयांश भार येतो, म्हणजे प्रत्येक मागच्या दोरावर सव्वादोनशे-अडीचशे किलो. एखादा दोर सैल असेल तर तिरक्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवरच जवळजवळ सगळं वजन जातं. दोराची मोडण्याची ताकद कामाच्या भाराच्या किमान पाचपट हवी. 8 मिमीचा 6×19 बांधणीचा (सहा पेड, प्रत्येकात एकोणीस तारा) नवा दोर साडेतीन टनांच्या आसपास मोडतो, म्हणजे कोरड्या बोटीला तो भरपूर आहे.

पण आपल्याकडे बोट कोरडी राहत नाही. महाबळेश्वराच्या पट्ट्यात पावसाळ्यात एका दिवसात दोनशे मिलिमीटर ही नेहमीची गोष्ट, आणि जुलै 2021 मध्ये तर महाबळेश्वरला चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पडला. तुमच्या बोटीचा उघडा भाग सहा चौरस मीटर धरा. दोनशे मिलिमीटर पावसाने त्यात 1200 लिटर पाणी साठतं, म्हणजे बाराशे किलो. एका रात्रीत सातशेची बोट एकोणीसशेची होते. 1360 किलोची लिफ्ट असेल तर ती तिथेच संपली. म्हणून लिफ्टवर, घोडीवर, ट्रॉलीवर, कुठेही बोट ठेवली की मागचं ड्रेन प्लग (पाणी सोडायच्या भोकाचं बूच) काढायचं आणि बोट मागे थोडी उतरती ठेवायची. प्लग इंजिनच्या किल्लीला दोरीने बांधून ठेवा, म्हणजे पाण्यात उतरताना लावायला विसरणार नाही. ताडपत्री मधे उंच आढं करून बांधा. सपाट ताडपत्रीचाच हौद होतो.

दोराकडे येतो. जुना दोर बाद धरा असं वर म्हटलं, तरी तो वाचायला शिका, कारण त्यावरून लिफ्ट कशी वापरली गेली ते कळतं. व्हर्नियरने जाडी मोजा. मूळ मापाच्या दहा टक्के बारीक झालेला दोर कामातून गेला. दोराचा एक पेड पूर्ण एक वळसा घेतो तेवढ्या लांबीत सहा तारा तुटलेल्या, किंवा एकाच पेडात तीन तुटलेल्या दिसल्या तरी तेच. हातात जाड कातडी मोजे घाला, आणि मग बघा. कुठे ‘पिंजरा’ झालाय का, म्हणजे पेड फुगून सुटलेत का. कुठे मोड बसलाय का. पुलीजवळ आणि ड्रमवरच्या पहिल्या थराजवळ सर्वांत जास्त बघा, दोर तिथेच वाकून वाकून मरतो. दोर एकाच बाजूने झिजला असेल तर पुली अडकलेली होती. पुलीची खाच बघा, तिच्यात दोराच्या पेडांचे ठसे उमटलेत का. उमटले असतील तर नवा दोर त्या पुलीवर टाकू नका, पुली बदला. पुलीचा व्यास दोराच्या जाडीच्या किमान अठरापट हवा. 8 मिमी दोराला दीडशे मिमीची पुली मी पसंत करतो. स्वस्तातल्या लिफ्टमध्ये हातात मावेल एवढी पुली लावलेली असते, आणि मग दोर वर्षभरात जातो.

नवा दोर घेताना आतला गाभा ताग-काथ्याचा नको, पोलादी हवा. काथ्याचा गाभा पाणी पितो आणि दोर आतून गंजतो. गोड्या पाण्यावर जस्ती दोर पुरतो. स्टेनलेसच्या मोहात पडू नका. तो गंजत नाही हे खरं, पण वाकून वाकून त्याच्या तारा आत तुटतात आणि बाहेरून चकचकीत दिसत राहतात. विहिरीच्या यारीवरचा उतरवलेला दोर कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. त्याने दगडाच्या बादल्या ओढलेल्या असतात आणि त्याचं आयुष्य कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

टोकाला फास करताना आत थिंबल (फासाला आतून आधार देणारी धातूची खाचेची कडी) घाला आणि किमान तीन क्लॅम्प लावा. क्लॅम्पची बैठक भार घेणाऱ्या दोरावर बसली पाहिजे आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. उलटा लावला तर यू-बोल्ट भाराच्या दोरालाच चावतो. गावोगावी मी हे उलटं लावलेलं पाहतो, आणि प्रत्येक वेळी थांबून सांगतो. पहिला भार दिल्यावर दोर थोडा बारीक होतो, तेव्हा नट पुन्हा आवळा. ड्रमवर, बोट पूर्ण खाली असताना, निदान तीन वेढे शिल्लक राहिले पाहिजेत. दोराचं टोक ड्रमला धरून ठेवणारा छोटा बोल्ट भार घेण्यासाठी नसतो.

विंच. विजेची असेल तर बहुतेक वर्म गिअर (स्क्रूसारखा दांडा दातेरी चाक फिरवतो ती रचना) असते. तिच्या ड्रमला दोन्ही हातांनी मागेपुढे हलवा. मोकळी चाल जास्त वाटली तर आतलं पितळी चाक झिजलं आहे. तेल काढून तळहातावर पसरा. पिवळी चमक दिसली तर तेच चाक तेलात उतरलंय. नवं तेल भरताना दुकानदाराला ‘वर्म गिअर, पितळी चाक’ असं सांगून घ्या. ट्रकच्या हब-गिअरचं कडक ईपी तेल पितळाला खातं. वर्म गिअर आपोआप धरून ठेवतं असं सगळे म्हणतात. झिजलेलं, तेलाने निसरडं झालेलं वर्म हादऱ्याने हळूहळू सुटतं, म्हणून वेगळा ब्रेक हवाच.

हाताची विंच किंवा चेन ब्लॉक असेल तर आतला ब्रेक समजून घ्या. भार वर चढवताना टक्-टक्-टक् असा आवाज येतो, तो पॉल नावाच्या छोट्या खुंटीचा, दातेरी चाकावर पडतानाचा. भार सोडला की तीच खुंटी चाक धरते आणि घर्षणाच्या चकत्या आवळल्या जाऊन भार जागेवर राहतो. आवाज आला नाही तर खुंटीची स्प्रिंग गेली आहे किंवा ती ग्रीसमध्ये चिकटली आहे. अशी विंच भार धरेल, धरेल, आणि एक दिवस हँडल उलटं फिरून मनगट मोडेल. चकत्यांना ग्रीस लावायचं नसतं. सर्व्हिसिंग म्हणजे सगळीकडे ग्रीस, अशी समजूत असलेला माणूस नेमक्या त्याच जागी ग्रीस भरतो. विंच खोलता आली नाही तर विकत घेण्याआधी खोलू शकणाऱ्याला बरोबर न्या, त्याची दिवसाची मजुरी वाया जात नाही.

विजेबद्दल थोडक्यात. पाण्याजवळ मोटर असेल तर 30 मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आणि वेगळं अर्थिंग याशिवाय बटणाला हात लावू नका. खेड्यातल्या उतरत्या व्होल्टेजवर सिंगल फेज मोटर नुसती गुणगुणते आणि जळते. तुमच्या वापराला, दिवसातून एक-दोनदा बोट वरखाली, मी विजेची विंच विकून टाकून हाताचे चेन ब्लॉक घ्या म्हणेन.

आता घोडी. चार खांबांचे दोन दरवाजे (दोन खांब आणि वर आडवा बीम अशा चौकटी) करा: एक बोटीच्या पुढच्या भागावर, एक मागच्या. दोन्ही दरवाजे खाली लांब चॅनेलने जोडा, कोपऱ्यांना तिरके टेकू द्या, चारी पायांना रुंद चाकं आणि उचलून टेकवायचे स्क्रू-जॅक. एक गोष्ट फॅब्रिकेटरला नक्की बजावा: मूळ लिफ्टचा वरचा आडवा पाइप कोपऱ्यातून भार घ्यायला बनवलेला आहे, मधोमध टांगायला नाही. मधे चेन ब्लॉक टांगायचा तर वरचा बीम नवा घाला. तीन मीटरच्या गाळ्यात आयएसएमबी 150 (150 मिमी उंचीचा, इंग्रजी आय आकाराचा पोलादी बीम) मला पुरेसा वाटतो, तरी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून रेखांकन करून घ्या. जस्ती खांबावर वेल्ड करण्याआधी ग्राइंडरने जस्त काढा आणि मोकळ्या हवेत काम करा. जस्ताच्या धुराने वेल्डरला रात्री थंडी-ताप भरतो. वेल्ड झालं की झिंकचा कोल्ड पेंट लावायचा. खांबांच्या तळाला 10 मिमीचं भोक पाडा, आत पाणी तुंबता कामा नये. आणि हे सगळं करण्याआधी पोकळ खांब गोड्या पाण्याने आतून भरपूर धुऊन मीठ काढा.

बोटीखालचे पट्टे पॉलिएस्टरचे, नवे, लेबल असलेले. रंगावरून ताकद ओळखता येते: जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन. तुम्हाला हिरवे दोन घ्या. पट्ट्याच्या दोन टोकांमधला कोन महत्त्वाचा. साठ अंशांत उचललं तर प्रत्येक बाजूवर भाराचे अठ्ठावन्न टक्के येतात, एकशेवीस अंशांत शंभर टक्के, म्हणजे जणू प्रत्येक बाजू एकटीच पूर्ण वजन उचलते. शिवाय पसरट कोनात पट्टा बोटीच्या काठाला आत दाबतो आणि फायबरला चीर जाते. म्हणून वर बोटीच्या रुंदीएवढा पाइप आडवा टाकून पट्टे सरळ खाली सोडा. पट्टा नेहमी आतल्या आडव्या भिंतीच्या रेषेत यायला हवा. ती जागा बोटीवर बाहेरून रंगाने खूण करून ठेवा. मागचा पट्टा इंजिनकडे घसरू नये म्हणून पुढच्या पट्ट्याला दोरीने जोडा. ऊन हा पट्ट्यांचा खरा शत्रू; काम झालं की काढून सावलीत, उंदरांपासून लांब.

पाण्यातून घोडीपर्यंत बोट आणायला ट्रॉली आणि जमिनीवरची विंच. उतार एकास आठपेक्षा उभा नको. सातशेची बोट आणि अडीचशेची ट्रॉली, म्हणजे साडेनऊशे किलोला त्या उतारावर साधारण सव्वाशे किलो ओढ लागते, चिखलातल्या चाकांची त्यात तेवढीच भर. चाक रुतलं की ती दुप्पट. म्हणून एक टन ओढीची विंच. ओढताना दोराच्या रेषेत, पुढे किंवा मागे, कुणीही उभं राहायचं नाही, आणि दोरावर मधोमध ओलं पोतं टाकून ठेवायचं. तुटलाच तर तो उसळत नाही.

सगळं उभं झालं की बोट टांगायच्या आधी भाराची चाचणी. कामाच्या भाराच्या सव्वापट, म्हणजे पावणेनऊशे किलो. दोनशे लिटरचे चार पिंप पाण्याने भरले की त्यांच्या स्वतःच्या वजनासह ते होतं. जमिनीपासून सहा इंच उचला, खांबावर खडूने खूण करा, पंधरा मिनिटं थांबा. खूण खाली सरकली तर ब्रेक धरत नाही. बीमचा मध्य सुतळी ताणून आधी आणि नंतर मोजा. भार काढल्यावर तो परत जागेवर यायला हवा. पिंपाखाली कुणाचा पाय नको. कारखान्यांना 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 29 ने उचल-यंत्रांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी सक्तीची केली होती. तुमच्या घोडीला कुणी सक्ती करणार नाही, तरी पर्यटक तिच्याजवळून चालणार, म्हणून तुम्ही ती करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

हेच सांगलीकडच्या ग्रामपंचायतींनाही लागू आहे. कृष्णा-वारणाकाठी बऱ्याच गावांत पुरासाठी बोटी आहेत आणि उरलेलं वर्षभर त्या कुठेतरी भिंतीला टेकून पडलेल्या असतात, तळ वाकतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45, आणि 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. बोट ठेवायची शेड त्या रेषेच्या वर हवी, आणि बोट खाली उतरवायला वीज लागता कामा नये, कारण पुरात पहिली वीजच तोडली जाते. दोन हाताचे चेन ब्लॉक आणि एक ट्रेलर, एवढ्यावर अर्ध्या तासात बोट रस्त्यावर यायला हवी. दर मे महिन्यात एकदा ती खरंच उतरवून, इंजिन पाण्याच्या टाकीत चालवून बघा.

देखभालीचं वेळापत्रक आपल्या वर्षाला धरून ठेवलं की चुकत नाही. मृग लागायच्या आधी एकदा: सगळे नट आवळायचे, गंज घासून झिंक पेंट, भोकं मोकळी, पुलींच्या बुशांत ग्रीस, चेन ब्लॉक काढून कोरड्या जागी, घोडी पूररेषेच्या वर नेऊन चारी बाजूंनी बांधून ठेवायची. दुसऱ्यांदा खंडेनवमीला. हत्यारं पुसून पूजेला मांडतोच, त्याच दिवशी दोर मोजा, आकड्याचं तोंड मोजा, पट्ट्यांच्या शिवणी बघा आणि वहीत लिहा. आकडा नवा असताना त्याच्या तोंडाचं माप वहीच्या पहिल्या पानावर असावं. तोंड उघडलेलं दिसलं की आकडा बदलायचा, तापवून-ठोकून सरळ करायचा नाही. मोसमात दर आठवड्याला दोरावर कापड फिरवून पातळ, आत मुरणारं रोप-तेल ब्रशने लावा. जाड ग्रीस नको, ते वर साल धरतं आणि पाणी आत कोंडतं. इंजिनचं काळं तेल तर अजिबात नको: त्यात आम्ल आणि धातूची भुकटी असते, आणि ते ठिबकतं ते ज्या जलाशयाचं पाणी लोक पितात त्यात.

भावाचं राहिलं. लिफ्ट सुटी करून काट्यावर घ्या. खांब आणि चॅनेल यांना भंगारभावाच्या वर थोडं, कारण तुम्ही ते वापरणार आहात. विंचला खोलून पाहिल्यावर वेगळा भाव. दोर, पट्टे, क्लॅम्प, बटणं, वायरिंग यांना शून्य. सुटी करण्याआधी प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना रंगाने आकडा टाका आणि फोटो घ्या. अंबेनळी घाटाची वळणं लांब खांबांच्या गाडीला अडचणीची आहेत. खांब वीस फुटांच्या वर असतील तर कुंभार्ली घाटाने आणा, किंवा तिथेच कापा, घोडीला एवढी उंची तशीही लागत नाही.

सध्या पैसे देऊ नका. विक्रेत्याकडून नावाची पट्टी, खांबाचा तळ, विंच दोन्ही बाजूंनी आणि ड्रमवरचा दोर, एवढे फोटो मागवा, आणि तुमच्या बोटीचं काट्यावरचं वजन आणा. ते हातात आलं की विंच ठेवायची की विकायची आणि बीम कोणत्या मापाचा घ्यायचा, हे नक्की सांगता येईल.